रद्द दाखला आणि उघडें दार

(नभोवाणीवरील भाषण)

वर्तमानपत्राच्या आंतल्या पानावर, जागेच्या आणि लग्नाच्या जाहिरातींशेजारीं, बारीक टाइपांत एक मजकूर नेहमीं आढळतो. 'जाहीर नोटीस' असा त्याचा मथळा असतो. अमक्या गृहस्थांनीं तमक्या इसमास दिलेलें कुलमुखत्यारपत्र अमुक तारखेपासून रद्द केलें आहे. यापुढें त्या इसमाशीं कोणीं व्यवहार केल्यास तो गृहस्थांवर बंधनकारक राहणार नाहीं, असा त्याचा आशय. घरांतील फारच थोडीं माणसें हा मजकूर वाचतात. परंतु ही नोटीस छापावी कां लागते, याचा क्षणभर विचार केला तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. मुखत्यारपत्र रद्द झालें तरी त्या इसमाजवळचा कागद जसाच्या तसा राहतो. स्टँप तोच, सह्या त्याच, साक्षीदार तेच, सब-रजिस्ट्रारचा शिक्काही तोच. कागदाला स्वतःचें मरण कळत नाहीं, आणि कागद पाहणाऱ्यालाही तें कागदावरून कळत नाहीं. तें कळण्याचें ठिकाण कागदाच्या बाहेर असतें. ज्यानें नोटीस वाचली तो सावध होतो; ज्यानें वाचली नाहीं तो फसतो, आणि फसतांनाही सर्व कागदपत्रें नीट पाहिलीं अशीच त्याची प्रामाणिक समजूत असते.

संगणकांच्या जगांतही असे दाखले आहेत, असे मुखत्यार आहेत आणि अशा नोटिसाही आहेत. २०१८ सालीं अपाचे टॉमकॅट या नांवाच्या, जगभर चालणाऱ्या वेब-सर्व्हरच्या एका भागांत तीन दोष जाहीर झाले. तिन्हींचें स्वरूप निराळें, परिणाम मात्र एक: ज्याचा दाखला रद्द झालेला आहे असा इसम तोच दाखला दाखवून आंत जाऊं शके. द्वारपाल दाखला पाही, त्यावरची सही ताडून पाही, मुदतही पाही, आणि वाट देई. वर्तमानपत्र उघडून नोटीस वाचावयाची, एवढेंच त्याच्याकडून राहून जाई.

हें कसें घडलें तें समजण्यासाठीं हा दाखला मुळांत काय आहे तें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. दोन संगणक बोलूं लागतात तेव्हां त्यांना एकमेकांचा चेहरा दिसत नाहीं. बँकेच्या नांवानें उत्तर देणारा संगणक खरोखरीच बँकेचा, कीं मधल्या वाटेवर बसलेला कोणी तोतया, हें ओळखण्यास कांहीं साधन हवें. १९७६ सालीं व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन या दोघां अमेरिकन संशोधकांनीं जोडकिल्ल्यांची कल्पना जगापुढें मांडली. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या; एक खुशाल जगजाहीर करावी, दुसरी जिवापलीकडे जपावी. गुप्त किल्लीनें केलेली सही जाहीर किल्लीनें पडताळतां येते. युक्ति अपूर्व खरी, परंतु तिच्यांत एक फट होती. ही जाहीर किल्ली अमक्याचीच, हें कोणीं सांगावयाचें? १९७८ सालीं मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्यानें पदवीच्या प्रबंधांत त्याचें उत्तर सुचविलें. एखाद्या विश्वासू तिऱ्हाइतानें 'ही किल्ली या नांवाची' असा दाखला लिहून त्यावर स्वतःची सही करावी, म्हणजे झालें. आज ज्याला डिजिटल प्रमाणपत्र म्हणतात तें हेंच.

बहुतेक वेळां हें प्रमाणपत्र सर्व्हर दाखवितो आणि पाहुण्याच्या हातांतील ब्राउझर तें तपासतो. परंतु जेथें केवळ परवलीच्या शब्दावर भिस्त ठेवणें धोक्याचें वाटतें, तेथें उलट बाजूनेंही दाखला मागितला जातो. बँकेच्या अंतर्गत व्यवहारांत, रुग्णालयाच्या नोंदींपाशीं, सरकारी दप्तरांत, कारखान्याच्या यंत्रांवर दुरून हुकूम चालविणाऱ्या संगणकांपाशीं, येणाऱ्या मनुष्यानें स्वतःचें प्रमाणपत्र दाखवावें लागतें. तें त्याच्या कार्डांत किंवा करंगळीएवढ्या यूएसबी टोकनांत असतें. अशा ठिकाणीं द्वारपालाचें काम सर्व्हर करतो. टॉमकॅटमधील दोष याच द्वारपालाचे होते.

प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते, परंतु मुदतीपूर्वीं तें रद्द करण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. टोकन चोरीस जातें. गुप्त किल्ली फुटते. नोकर नोकरी सोडतो किंवा त्याला काढून टाकण्यांत येतें. कित्येकदां प्रमाणपत्र मुळांतच तोतयाला दिलें गेल्याचें उघडकीस येतें. मग दाखला देणारी संस्था तो रद्द झाल्याचें जाहीर करते. जाहीर करण्याच्या दोन रीति आहेत. पहिली रीत यादीची: रद्द झालेल्या सर्व प्रमाणपत्रांचे क्रमांक एका यादींत छापावयाचे, आणि ज्याला गरज असेल त्यानें ती यादी उतरवून घ्यावयाची. यादी लहान असेपर्यंत हें ठीक चालतें. एप्रिल २०१४ मध्यें ओपनएसएसएल या आज्ञावलींतील 'हार्टब्लीड' नामक दोष उघड झाला. त्या दोषामुळें सर्व्हरच्या स्मृतींतील मजकूर बाहेरचा मनुष्य एका वेळीं ६४ किलोबाइटपर्यंत ओढून घेऊं शके, आणि त्यांत गुप्त किल्लीही हातीं लागण्याचा संभव होता. मग जगभर प्रमाणपत्रें बदलण्याची धांदल उडाली. क्लाउडफ्लेअर कंपनीनें त्याच महिन्यांत तिच्याकडील प्रमाणपत्रें घाऊक रद्द करविलीं, तेव्हां ग्लोबलसाइन या संस्थेची एक यादी सुमारें २२ किलोबाइटांवरून ४.९ मेगाबाइटांवर गेली. एका दाखल्याची चौकशी करण्यासाठीं प्रत्येकानें एवढा भारा डोक्यावर घ्यावा, हें व्यवहारांत परवडणारें नव्हे.

दुसरी रीत प्रश्नोत्तराची. ती १९९९ सालीं नियमबद्ध झाली. ओसीएसपी हें तिचें तांत्रिक नांव. सबंध यादी न मागतां एकाच क्रमांकाविषयीं विचारावयाचें, आणि संस्थेच्या संगणकानें सहीनिशीं तीनांपैकीं एक उत्तर द्यावयाचें: ठीक, रद्द, अथवा ठाऊक नाहीं. हा प्रश्न कोणाकडे पाठवावयाचा त्याचा पत्ता प्रमाणपत्रांतच एका रकान्यांत लिहिलेला असतो. हा रकाना श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावा, कारण पहिला दोष त्याच्याच वाचनांत होता.

टॉमकॅटचा जन्म सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनींत झाला व १९९९ सालीं तो अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन झाला. तो जावा भाषेंत लिहिलेला आहे. गुप्तलेखनाचें अवजड काम ओपनएसएसएलकडून करवून घेण्यासाठीं त्याला टॉमकॅट नेटिव्ह नांवाचा, सी भाषेंत लिहिलेला एक मदतनीस जोडतां येतो. आलेल्या पाहुण्याच्या प्रमाणपत्रांतील पत्ता वाचून त्याची चौकशी करणें हें या मदतनिसाचें काम.

प्रमाणपत्रांतील प्रत्येक रकान्याच्या आधीं त्याची लांबी लिहिण्याची पद्धत आहे. लांबी १२७ किंवा त्याहून कमी असेल तर ती एकाच बाइटांत सरळ लिहितात. १२८ किंवा अधिक असेल तर पहिल्या बाइटांत लांबी नसते. पुढील किती बाइटांत लांबी लिहिली आहे, एवढेंच तो बाइट सांगतो, आणि खरी लांबी त्यामागून येते. उदाहरणार्थ, शंभर लिहावयाचे तर नुसतें १०० हें एक अंक-पद. परंतु दोनशें लिहावयाचे तर आधीं १२९ आणि मग २००. यांतील १२९ म्हणजे 'पुढचा एक बाइट वाचा' एवढाच इशारा. हा नियम जुना आहे, छापील आहे आणि मुळींच गूढ नाहीं. परंतु टॉमकॅट नेटिव्हच्या १.१.२३ पासून १.१.३४ पर्यंतच्या आणि १.२.० पासून १.२.१४ पर्यंतच्या आवृत्त्यांना १२७ बाइटांहून लांब रकाना नीट वाचतां येत नसे. आणि वाचतां न आल्याचा परिणाम असा होई कीं, चौकशीच वगळली जाई.

येथें दोन चुका एकमेकींवर बसलेल्या दिसतात, आणि त्यांचें वजन सारखें नाहीं. मोठी लांबी वाचतां न येणें ही कारकुनी चूक झाली. असलीं स्खलनें कोणत्याही मोठ्या आज्ञावलींत सांपडतात. परंतु पत्ता वाचतां आला नाहीं म्हणून चौकशीची गरजच नाहीं, असें परिणामांत ठरणें, ही पाहऱ्याच्या तत्त्वांतील चूक होय. देवडीवरच्या पाहरेकऱ्याला चिठ्ठीवरील अक्षर लागलें नाहीं, तर त्यानें आंत विचारावें किंवा पाहुण्यास थांबवून ठेवावें. 'अक्षर लागत नाहीं, तेव्हां जा बापडा आंत' असें म्हणणारा पाहरेकरी पगार कशाचा घेतो?

शिवाय रकाना लांब असणें यांत पाहुण्याची लबाडी असण्याचेंही कारण नाहीं. त्या एकाच रकान्यांत चौकशीच्या पत्त्याबरोबर दाखला देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या प्रमाणपत्राचा पत्ताही असूं शकतो. साठ-सत्तर अक्षरांचे दोन पत्ते आले कीं १२७ ची मर्यादा ओलांडली जाते. पत्ते किती लांब असावेत हें ती संस्था ठरविते. अर्थात् एखाद्या संस्थेचा रिवाजच लांब पत्त्यांचा असेल, तर तिनें दिलेल्या एकाही प्रमाणपत्राची चौकशी अशा सर्व्हरवर होत नसणार, आणि दुसऱ्या संस्थेच्या आंखूड पत्त्याच्या प्रमाणपत्रांची मात्र बिनचूक होत असणार. एकाच दारावर एकाला कडक तपास आणि दुसऱ्याला मुक्तद्वार. आणि हा भेद कोणाच्या योग्यतेवरून नव्हे, तर पत्त्याच्या लांबीवरून पडलेला!

हा दोष १.२.१६ या आवृत्तींत दुरुस्त झाला. परंतु त्याच वर्षीं त्याच भागांतील आणखी दोन दोष बाहेर आले, आणि त्यांनीं १.२.१६ लाही घेरलें होतें. पहिल्यांत प्रश्न विचारला जाई, परंतु आलेलें उत्तर नियमाप्रमाणें नसेल, सदोष असेल, तर तें नीट हाताळलें जात नसे. त्यामुळें रद्द प्रमाणपत्र रद्द म्हणून ओळखलें जाईलच असा भरंवसा नव्हता. दुसरा दोष अधिक मौजेचा. संस्थेचा संगणक कित्येकदां उत्तरें आधींच तयार करून ठेवतो, आणि अशा एका उत्तरांत अनेक प्रमाणपत्रांची स्थिति ओळीनें दिलेली असते. जणूं शाळेच्या फळ्यावर लावलेला निकालाचा कागद. निकाल पाहणाऱ्यानें आपल्या मुलाचा क्रमांक शोधून त्याच ओळींतील शेरा वाचावयास हवा. टॉमकॅट नेटिव्ह अशा यादीवजा उत्तरांची तपासणी यथायोग्य करीत नसे. हे दोन्ही दोष १.२.१७ मध्यें निघाले.

एका लहानशा तपासणींत एका वर्षांत तीन दोष, आणि तिन्हींचा कल दार उघडें ठेवण्याकडे, हा योगायोग नव्हे. आज्ञावलींतील जी चूक खऱ्या माणसाला दाराबाहेर ठेवते, ती त्याच सकाळीं कळते. अडलेला मनुष्य आरडाओरडा करतो, वरिष्ठांकडे जातो, काम थांबतें, आणि दुपारपर्यंत दुरुस्ती होते. उलट जी चूक खोट्या माणसाला आंत घेते, तिच्याविरुद्ध तक्रार करणारा कोणीच नसतो. जो आंत शिरला तो कांहीं बोलत नाहीं. सर्व्हरच्या नोंदवहींत त्याचा प्रवेश एका अधिकृत माणसाचा प्रवेश म्हणूनच नमूद होतो, कारण सर्व्हरच्या समजुतीप्रमाणें तो तसाच असतो. 'मौनं संमतिलक्षणम्' हें वचन लग्नकार्यांत गोड असेल. पाहऱ्यावर तें लावतां येत नाहीं.

या रोगाचा इतिहास टॉमकॅटहून जुना आहे. २००१ सालच्या जानेवारींत, २९ आणि ३० तारखेस, व्हेरिसाइन या अमेरिकन संस्थेनें मायक्रोसॉफ्टचा नोकर म्हणविणाऱ्या एका भामट्यास 'मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन' या नांवाचीं दोन प्रमाणपत्रें देऊन टाकलीं. आज्ञावलीवर सही करण्यास तीं चालणारीं होतीं. म्हणजे त्या भामट्यानें लिहिलेली वाटेल ती आज्ञावली मायक्रोसॉफ्टची म्हणून खपूं शकली असती. चूक ध्यानांत येतांच व्हेरिसाइननें दोन्ही प्रमाणपत्रें रद्द करून तसें यादींत छापलें. परंतु ही यादी कोठें मिळेल तो पत्ता त्या प्रमाणपत्रांत घातलेलाच नव्हता, त्यामुळें ब्राउझरला ती आपणहून सांपडणें अशक्य होतें. शेवटीं मार्चमध्यें मायक्रोसॉफ्टला केवळ या दोन कागदांसाठीं जगभरच्या विंडोज संगणकांकरितां खास दुरुस्ती काढावी लागली.

२००९ सालीं मॉक्सी मार्लिनस्पाइक या टोपणनांवानें प्रसिद्ध असलेल्या संशोधकानें जें दाखविलें तें याहूनही बोचक होतें. ओसीएसपीच्या नियमांत 'ठीक' किंवा 'रद्द' या उत्तरांवर संस्थेची सही असावी लागते. परंतु 'सध्यां गर्दी आहे, मागाहून विचारा' असेंही एक उत्तर आहे, त्याचा क्रमांक ३, आणि त्याला सही लागत नाहीं. वाटेवर दबा धरून बसलेल्या चोरानें ब्राउझरचा प्रश्न मध्येंच अडवून ३ हा अंक परत पाठवावा. ब्राउझर 'बरें तर' म्हणून दाखला मान्य करीत असे. सही खोटी करण्याचे श्रम नाहींत, गणित नाहीं, कांहीं नाहीं. केवळ एका अंकावर सबंध तपासणी निकालांत निघाली.

ब्राउझर करणारीं माणसें मूर्ख होतीं असा याचा अर्थ नव्हे. उत्तर देणारे संगणक कधीं बंद पडतात, कधीं फार हळू चालतात. हॉटेलांतील वाय-फाय घ्यावयाचें तर आधीं त्यांच्या पानावर नांव नोंदवावें लागतें. आणि नोंद होईपर्यंत बाहेरचा कोणताही प्रश्न पोंचत नाहीं. उत्तर न आल्यास दार बंद, असा नियम केला तर निम्मी दुनिया रोज कोठें ना कोठें अडेल. म्हणून उत्तर न मिळाल्यास सोडून द्यावें असा रिवाज पडला. गूगलमधील ॲडम लँग्ली यांनीं २०१२ सालीं अशा तपासणीला मोटारींतील त्या सुरक्षापट्ट्याची उपमा दिली, जो नेमका अपघाताच्या क्षणीं तुटतो. आणि त्याच वर्षीं क्रोम ब्राउझरनें ही प्रश्नोत्तरी सामान्यतः सोडून दिली. ब्राउझरची ही अडचण समजण्यासारखी आहे. परंतु सर्व्हरला ती सबब सांगतां येत नाहीं. सर्व्हर हॉटेलांत उतरलेला प्रवासी नव्हे. तो स्वतःच्या घरांत बसलेला असतो, कोणत्या संस्थेचे दाखले घ्यावयाचे तें त्याचा मालक ठरवितो, आणि चौकशीचा रस्ता मोकळा ठेवणें त्याच्या हातीं असतें. त्यानें उत्तर मिळेपर्यंत दार उघडूं नये, ही अपेक्षा अवास्तव नाहीं.

या साऱ्या आंकड्यांच्या खटाटोपांत माणसांचें काय बिघडतें, असें कोणास वाटेल, तर २०११ सालची हॉलंडमधील डिजिनोटार या संस्थेची हकीगत ऐकण्यासारखी आहे. बेव्हरवाइक गांवची ही प्रमाणपत्रें देणारी कंपनी. डच सरकारही तिचे दाखले वापरीत असे. त्या वर्षींच्या उन्हाळ्यांत कोणी तरी तिच्या संगणकांत शिरलें आणि तिच्या नांवानें ५३१ खोटीं प्रमाणपत्रें बनविलीं. त्यांतील एक, १० जुलै रोजीं निघालेलें, गूगलच्या सर्व नांवांना लागू पडणारें होतें. तें वापरून इराणमधील लोकांचा गूगलशीं चाललेला व्यवहार मधल्या वाटेवर उघडून पाहण्यांत येत होता. पत्र लिहिणाऱ्याच्या ब्राउझरवर कुलूप दिसे, नांव बरोबर दिसे, आणि पत्र तिसऱ्याच्या डोळ्यांखालून जाई. ज्या देशांत एका पत्रावरून मनुष्याचें स्वातंत्र्य जाऊं शकतें, तेथें याचा अर्थ काय होतो तें सांगावयास नको. हें सुमारें दीड महिना लपून राहिलें. २८ ऑगस्ट रोजीं इराणमधील एका माणसानें क्रोम ब्राउझरनें दिलेला इशारा चारचौघांत मांडला, तेव्हां तें फुटलें. क्रोमनें तें ओळखलें याचें कारण रद्द झाल्याची चौकशी नव्हे. गूगलच्या खऱ्या किल्ल्यांची माहिती त्याच्या पोटांत आधींच घातलेली होती, म्हणून.

प्रमाणपत्र २९ तारखेस रद्द झालें. परंतु याहून विलक्षण प्रकार पुढेंच होता. चोरांनीं बनविलेल्या कित्येक प्रमाणपत्रांची नोंद खुद्द डिजिनोटारच्या दप्तरांत नव्हती. ज्याचा क्रमांकच ठाऊक नाहीं तें रद्द कसें करावयाचें? आणि १९९९ च्या मूळ नियमांत 'ठीक' या उत्तराचा किमान अर्थ 'रद्द झाल्याची नोंद नाहीं' एवढाच होता. असें प्रमाणपत्र कधीं दिलें गेलें होतें कीं नाहीं, याची हमी त्यांत नव्हती. म्हणजे कोणीं कल्पनेनें एखादा क्रमांक विचारला तरी 'ठीक' हें उत्तर नियमाला धरूनच होई. अखेर सप्टेंबरच्या आरंभीं डिजिनोटारच्या उत्तर देणाऱ्या संगणकाची रीत उलटी करण्यांत आली: जें आमच्या दप्तरांत आहे तेवढेंच ठीक, बाकी सारें रद्द. पुढें २०१३ सालीं सुधारलेल्या नियमांत न दिलेल्या प्रमाणपत्रांना 'रद्द' म्हणण्याची मोकळीक आली. डिजिनोटारला मात्र त्याचा उपयोग नव्हता. २० सप्टेंबर २०११ रोजीं तिचें दिवाळें जाहीर झालें.

फॉक्स-आयटी या डच कंपनीनें केलेल्या तपासांत जो पुरावा उपयोगी पडला तो याच प्रश्नोत्तरीचा होता. त्या खोट्या गूगल-प्रमाणपत्राविषयीं कोणकोणत्या संगणकांनीं चौकशी केली, त्याची नोंद डिजिनोटारजवळ शिल्लक होती. सुमारें तीन लाख निरनिराळे पत्ते त्यांत निघाले, आणि त्यांतील शेंकडा ९९ हून अधिक इराणमधील होते. चौकशीनें त्या लोकांचें रक्षण झालें नाहीं. त्यांची मोजदाद तेवढी झाली.

भारतांतही या विषयाचा संबंध केवळ संगणकतज्ज्ञांपुरता नाहीं. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञान कायद्याचीं ३७, ३८ आणि ३९ हीं कलमें डिजिटल सहीचें प्रमाणपत्र स्थगित करणें, रद्द करणें आणि तसें जाहीर करणें यांविषयींच आहेत. धारकानें मागणी केल्यास, किंवा धारक मरण पावल्यास, प्रमाणपत्र रद्द करतां येतें. कंपनीचे कागद किंवा कराचीं विवरणपत्रें भरण्यासाठीं हीं टोकनें आज असंख्य घरांत आणि पेढ्यांत पडून आहेत. पुष्कळ संचालक आपलें टोकन परवलीच्या अंकासह हिशेबनिसाच्या खणांत ठेवून निर्धास्त असतात. त्या खणांतून तें कोणाच्या हातीं जाईल याची फिकीर कोणास नसते. जुलै २०१४ मध्यें तर दिल्लीच्या नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या यंत्रणेंतून गूगलच्या नांवाचीं अनधिकृत प्रमाणपत्रें निघाल्याचें उघडकीस आलें. भारताच्या प्रमाणन-नियंत्रकांनीं दुसऱ्याच दिवशीं, ३ जुलैस, त्या केंद्राचीं मधल्या पायरीचीं प्रमाणपत्रें रद्द केलीं. नोटीस वेळेवर निघाली. ती वाचली जाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक ब्राउझरच्या आणि प्रत्येक सर्व्हरच्या दारीं निराळा राहिला.

नोटीस कोणी वाचत नाहीं, तर कागदाचें आयुष्यच आंखूड करावें, असा मार्ग आतां जगानें धरला आहे. सप्टेंबर २०२० पासून सार्वजनिक सर्व्हरच्या प्रमाणपत्राला फार तर ३९८ दिवसांची मुदत मिळूं लागली. प्रमाणपत्र-संस्था आणि ब्राउझर-कंपन्या यांच्या संयुक्त मंडळानें एप्रिल २०२५ मध्यें ही मुदत पायरीपायरीनें उतरवून १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर आणण्याचें ठरविलें. लेट्स एन्क्रिप्ट या मोठ्या धर्मादाय संस्थेकडे महिन्याला सुमारें ३४,००० कोटी ओसीएसपी-प्रश्न येत असत. तिनें ६ ऑगस्ट २०२५ रोजीं ही उत्तरें देणें बंद केलें आणि ती पुन्हां यादीकडे वळली. कोण मनुष्य कोणतें पान केव्हां पाहतो, हें अशा प्रश्नांवरून उत्तर देणाऱ्यास कळतें, हें तिनें दिलेलें एक कारण विचार करण्यासारखें आहे.

परंतु हे नियम सार्वजनिक सर्व्हरांच्या प्रमाणपत्रांचे. माणसांच्या हातांतील टोकनांना ते लागू नाहींत. भारतांत तीं तीन वर्षांपर्यंतचींही मिळतात. तीन वर्षांत नोकर बदलतात, टोकनें हरवतात, माणसें मरतात. तेथें रद्द झाल्याची चौकशी हाच एक आधार, आणि ती करणारा सर्व्हर खरोखरच ती करतो कीं नाहीं, हें त्याच्या मालकाला घरबसल्या पाहतां येतें. एक प्रमाणपत्र मुद्दाम काढावें, तें मुद्दाम रद्द करवावें, आणि तें घेऊन स्वतःच्याच दाराशीं जावें. दुसऱ्या खेपेस उत्तर देणाऱ्या संगणकाचा रस्ता तोडून जावें. तिसऱ्या खेपेस ज्याच्या पत्त्याचा रकाना १२७ बाइटांहून लांब आहे असें रद्द प्रमाणपत्र न्यावें. तिन्ही खेपांस दार बंद राहिलें पाहिजे. एकदां जरी उघडलें, तर त्या सर्व्हरच्या जुन्या नोंदवह्या काढून, रद्द झालेल्या प्रत्येक क्रमांकापुढें त्याच्या रद्द होण्याच्या तारखेनंतरचा एखादा प्रवेश लिहिलेला आहे काय, तें ओळीनें पाहत जावें लागेल.